मुलींना हॉलमध्ये बसवा, मुलांना ग्राउंडवर सोडा

दुधनाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:५०

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या पारावर या धाग्याचं सामूहिक वाचन होईल.

दरवर्षी पावसाळ्यात आरोग्य केंद्रातून सिस्टर येतात. त्या फाटकातून आत आल्या की ठरलेला हुकूम सुटतो: मुलींना हॉलमध्ये बसवा, मुलांना ग्राउंडवर सोडा. मग खिडक्या-दारं लावून, लाईट नसली तर घामाघूम होत, पॅड कसं वापरायचं, कुठं टाकायचं, रक्त वाढायला काय खायचं हे मुलींना सांगितलं जातं. सिस्टर चांगलं सांगतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. त्यांचं संपलं की आमच्यातलंच कुणीतरी उठतं. आता तुम्ही मोठ्या झालात. मान खाली घालून यायचं-जायचं. एकीनं काही केलं की साऱ्या गावच्या पोरींची शाळा बंद होते, ध्यानात ठेवा. घरी जाताना पोरींच्या डोक्यात राहतं ते हे शेवटचं.

ग्राउंडवर सोडलेली पोरं काही खेळत नसतात. हॉलच्या मागं घुटमळतात. मुली पाकीट दप्तरात कोंबून बाहेर आल्या की “काय गं, ब्रेड मिळाला का?” सुरू. त्यात मिसरूड न फुटलेली सगळ्यात पुढं.

सोमवारच्या निळ्या गोळीचं तेच. लोह आणि फॉलिक अॅसिडची ही गोळी सहावी ते बारावीच्या मुलांनाही आहे आणि मुलींनाही. आमच्याकडं पोरं ती जिभेखाली धरतात आणि नळावर जाऊन थुंकतात. “पोरींची गोळी हाय सर ती.” एकानं तर खाल्ली की मिशा येत नाहीत असा शोध लावलाय आणि तो सातवीपर्यंत पोचलाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींत रक्तक्षय ५९.१ टक्के निघाला, मुलांत ३१.१. दहातली तीन पोरं पांढरीफटक आणि गोळी मात्र पोरींची.

गेल्या वर्षी मी प्रयोगशाळेबाहेर एक खोका ठेवला. नाव न लिहिता चिठ्ठी टाका, उत्तर वर्गात देईन. मला वाटलं मुलींच्या चिठ्ठ्या जास्त येतील. आल्या त्या बहुतेक मुलांच्याच. काही जशाच्या तशा देतो:

“सकाळी चड्डी ओली होते. मला रोग झाला का. घरी सांगू नका.”

“एका बाजूच्या छातीत गाठ आहे, दुखते. पोरं मला बाई म्हणतात.”

“माझा आवाज अजून बारीक आहे. माझ्यात काही कमी आहे का.”

“पाळी आलेल्या बाईच्या हातचं खाल्लं तर ताकद जाते का.”

“स्टॅंडवर लिहिलेल्या डॉक्टरकडं जायला किती पैसे लागतात.”

या शेवटच्या चिठ्ठीनं मी हादरलो. स्टॅंडच्या मुतारीवर, रेल्वे रुळाकडच्या भिंतीवर जे चुन्यानं रंगवलेलं असतं – गुप्तरोग, कमजोरी, दर गुरुवारी अमुक लॉजवर भेटा – ते आमच्या पोरांचं मैत्री क्लिनिक. वयात येणाऱ्या मुलामुलींना सल्ला देणारं खरं मैत्री क्लिनिक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे, फुकट आहे, ते दहावीतल्या एकालाही माहीत नव्हतं.

पोरगी वयात आली की घराला घोर आणि पोरगं वयात आलं की ते आपोआप शहाणं होणार, असं धरून आपण चालतो. पोरीला निदान पॅडपुरतं तरी कुणी सांगतं. पोराला काहीच नाही, आणि वर त्यानं सगळं माहीत असल्यासारखं वागायचं.

प्रश्न असा: तुमच्याकडं कुठं मुलामुलींना एकत्र बसवून हे सांगितलंय का? कसं? गावानं काय केलं? दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजननाचा धडा आहे, पण पाळी येते बारा-तेराव्या वर्षी. तोवर काय करायचं?

हुरडा_पार्टी | सोमवार, रात्री १०:०५

आमच्या सरांनी तो धडा “सोपा आहे, घरी वाचा” म्हणून सोडला. अख्ख्या वर्गानं वर्षभरात मनापासून वाचलेला तेवढा एकच धडा. :)

वाचतोय.

वाडवडील | सोमवार, रात्री १०:३१

गुरुजी, तळमळ समजते. मीही याच खात्यातून निवृत्त झालो. पण जरा दमानं घ्या. आमच्या वेळी कुणी कुणाला काही सांगितलं नाही, संसार झालेच ना? प्रत्येक गोष्टीचं वय असतं. झाकलेलं आहे ते झाकलेलं राहू द्यावं.

आणि संस्कार-बिंस्कार सोडा, व्यवहाराचं बोलतो. तुम्ही मुलामुलींना एकत्र बसवून हे शिकवलं ही बातमी संध्याकाळी गावात पोचेल तेव्हा तिचं काय झालेलं असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन पालक येऊन मुलीचा दाखला मागतील. दिवाळीनंतर त्यातल्या एकीची पत्रिका तुमच्या टेबलावर येईल. तुमची बदली होईल, तुम्ही सुटाल. ती पोरगी गावातच राहणार आहे.

बिंदुसरा | सोमवार, रात्री ११:१२

काका, तुमचा दुसरा मुद्दा खरा आहे, तो खोडणार नाही. पहिल्यावर बोलते.

माझे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवराबायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, माणसावर नाही. एकट्या गड्याला अर्धा कोयता धरतात आणि उचलही तशीच. म्हणून पोरगं कामाला आलं की त्याचा कोयता पुरा करायला बायको बघायची. तिचं वय कोण बघतो? आणि घरी ठेवलेली पोरगी म्हातारीच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवायची, म्हणून तिचंही उरकायचं. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, आमच्या बीडमध्ये ४३.७, आणि सर, तुमच्या परभणीत ४८. तेव्हा संसार झाले म्हणता ते झालेच. नववीत झाले.

आता न सांगितल्यानं पुढं काय होतं ते ऐका. माझ्या आईला पाळी आली तेव्हा आजीनं जुनेर फाडून दिलं आणि चार दिवस कुठं शिवायचं नाही तेवढं सांगितलं. अंगावरनं पांढरं जातं, ते काही दिवस जाणारच, त्याला वास किंवा खाज नसेल तर तो आजार नव्हे, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिलाच नाही तर तिच्या अख्ख्या टोळीतल्या बायांना नाही. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पहाटे उठून मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. पाळीचं दुखतंय म्हणून बसली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे टोळीचा मुकादम हिशेबात धरणार. तेच कापड धुवून कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या आत, अंधारात, कुणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या लुगड्याखाली वाळत घालायचं. ते वाळतच नाही. मग खरंच जंतुसंसर्ग होतो. मग ती दवाखान्यात जाते आणि तिथं सांगतात, गर्भाची पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाक.

तिला कॅन्सर कशानं होतो माहीत नाही, पांढरं जाणं कशाला म्हणतात माहीत नाही. नवऱ्याला त्याहून माहीत नाही, कारण तो त्या दिवशी ग्राउंडवर होता. तो सही करतो. उचल घेऊन ऑपरेशन होतं. पाळी गेली, खाडा गेला, मुकादमही खूश.

२०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीच्या वेळी बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पंचविशी-तिशीतल्या बायका, काका. पेपरात तेव्हा डॉक्टरांवर आणि मुकादमांवर लिहून आलं, ते यायलाच पाहिजे होतं. पण पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर, हे एवढ्या बायांना पटलं कसं, हे कुणी विचारलं नाही. तेराव्या वर्षी कुणी अर्धा तास खरं बोललं असतं तर त्यातल्या निदान काही जणींनी तरी “दुसऱ्या डॉक्टरला दाखवते” म्हटलं असतं.

कयाधू | सोमवार, रात्री ११:२०

बिंदुसराताई, +१. बाकी लिहायला शब्द नाहीत.

पावशेर_शेंगदाणे | सोमवार, रात्री ११:२६

पोरांना शिकवायची काय गरज, आता सगळ्यांकडं मोबाईल आहे. अभ्यासक्रम केव्हाच पूर्ण झालाय. :D

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ११:४०

@पावशेर, विनोद म्हणून ठीक. पण मोबाईलवर बघून आलेल्या पोराची चिठ्ठी होती, “बाई नाही म्हणते तेव्हा तिचं हो असतं का.” हे त्यानं शोधून काढलेलं नाही, त्याला तसं दाखवलं गेलंय. याचं उत्तर कुणी द्यायचं?

ओपीडी_नंबर_चार | मंगळवार, सकाळी ७:१५

मी लातूरकडं सर्जन आहे. सरांच्या चिठ्ठ्यांची उत्तरं देतो, वर्गात जशीच्या तशी वाचली तरी चालतील.

झोपेत वीर्य बाहेर येणं हे वयात आल्याचं लक्षण. रोग नाही, औषध नाही. एक थेंब वीर्य म्हणजे इतके थेंब रक्त, हा हिशेब कुठल्याही शरीरात बसत नाही. भारतीय पुरुषांच्या या भीतीला मानसोपचारात ‘धात सिंड्रोम’ असं नावच आहे, डॉ. वीग यांनी १९६० मध्ये दिलेलं. माझ्याकडं येणारा विशीतला पोरगा थकवा, पाठदुखी, धडधड सांगतो. खोदून विचारलं की धातू जातो म्हणतो. तोवर लॉजवाल्याकडं बापाच्या सोयाबीनचे पैसे घालून आलेला असतो.

छातीतली गाठ: वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांना हे होतं, एका किंवा दोन्ही बाजूंना. हार्मोन्सची उलथापालथ. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत जातं. दाबून बघू नका, पट्ट्यानं आवळू नका. गाठ वाढतच गेली तर दाखवा.

आवाज: मुलांत बदल नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत केव्हाही सुरू होतात. वर्गात एक जण बाप्या दिसतो आणि एक लेकरू, दोघंही ठीक असतात. चौदा पूर्ण झाले आणि काहीच बदल नाही, तर एकदा दाखवावं. मुलींच्या बाबतीत पंधरापर्यंत पाळी आली नाही तर. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं मागंपुढं होणं चालतं, पण तासाला एक पॅड भिजत असेल किंवा सातच्या वर दिवस जात असतील तर वाट बघू नका.

आता जे कुणी विचारलं नाही ते सांगतो. पोरगं वृषणात अचानक जोरात दुखतंय म्हणून झोपेतून उठलं, उलटी झाली, तर ती अर्ध्या रात्री गाडी काढायची वेळ आहे. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर वृषण बहुधा वाचतं, दिवस उलटला की बहुधा नाही. बारा ते अठरा हेच याचं वय. आणि या वयाचं पोरगं आईला काय सांगतं? पोट दुखतंय. आई ओवा देते. बाप म्हणतो, पोरीसारखा कण्हतो काय. सकाळी गावातला डॉक्टर पोटाचं इंजेक्शन देतो, कारण पोरानं त्यालाही पोटच सांगितलंय. माझ्यापर्यंत येतं तेव्हा काळं पडलेलं वृषण काढायचं तेवढं उरतं. एकानं मला ऑपरेशननंतर विचारलं होतं, “बाबाला कळलं का कुठलं ऑपरेशन झालं ते?”

दुसरं वृषण चांगलं असेल तर पुढं मूल व्हायला अडचण येत नाही, हेही सांगून ठेवतो. नाहीतर इथं वाचून कुणीतरी त्याचंही टेन्शन घेईल.

बिंदुसराताई म्हणतात त्यात एकच भर. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर बाईचा पाळी जाण्याचा काळ तिशीतच सुरू होतो, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. “काढून टाकलं, सुटली” असं काही नसतं.

तेरणामाय | मंगळवार, सकाळी ९:०२

डॉक्टर, पीळ पडण्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि मला चौदा वर्षांचा मुलगा आहे.

त्याचे पप्पा ट्रकवर असतात, महिन्यातून दोन-तीनदा घरी. मुलगा आता माझ्यासमोर शर्टही बदलत नाही. मी याला काही सांगावं का? सासूबाई म्हणतात, बापाचं काम आहे ते, तू बाई माणूस. बाप म्हणतो, आम्हाला कुणी सांगितलं होतं?

बिंदुसरा | मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, तुम्हीच सांगा. समोरासमोर बसवून नको, त्याला पळता भुई थोडी होईल. भाजी निवडताना, गाडीवर मागं बसल्यावर. तोंड समोर नसलं की पोरं ऐकतात. डॉक्टरांनी लिहिलंय ते पीळ पडण्याचं आधी सांगा, कारण ते तब्येतीचं आहे, लाजायचं कारण नाही. एकदा ते बोलून झालं की बाकीचं तोच कधीतरी विचारेल.

आणि पाळीचंही सांगा. घरात मुलगी नाही म्हणून त्याला कळायचं राहून जातं. भादव्यात लक्ष्म्या बसायच्या असल्या की घरातल्या बाया पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात, त्या आणायला मेडिकलवर पाठवतात पोरालाच. कशाची गोळी ते सांगत नाहीत. काळ्या पिशवीत काय आणतोय हे त्याला कळू द्या की. (त्या गोळ्याही दुकानदाराला विचारून घेऊ नयेत, पण तो वेगळा धागा.)

वाडवडील | मंगळवार, सकाळी १०:१८

डॉक्टरांनी लिहिलेलं मुलांना सांगायला माझी हरकत नाही. आजार आहे, सांगितलाच पाहिजे. माझा प्रश्न एकत्र बसवण्याचा आहे, तो तसाच आहे.

पैठणगेट | मंगळवार, दुपारी १२:३०

यावर आपल्याच भागातलं उदाहरण आहे. पैठण तालुक्यात पाचोडला ग्रामीण आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, डॉ. अशोक दयालचंद यांची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी शाळा सुटलेल्या, लग्न न झालेल्या मुलींसाठी गावातल्या गावात वर्षभराचे वर्ग चालवले. संध्याकाळी तासभर. त्यात आरोग्य होतं, पण बँकेत पैसे कसे भरायचे, ग्रामपंचायतीत कोण काय करतं हेही होतं. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच. १९९७ ते २००१ या काळात त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष म्हणजे काय मोठं, असं शहरात बसून वाटतं. सोळाची आणि सतराची यांत दहावी-बारावीचा फरक असतो.

गावानं दाखले मागितले नाहीत, कारण आयांना आधी विश्वासात घेतलं होतं. वाडवडील काकांची भीती खरी आहे, पण तिला वाट आहे.

तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. तीच पद्धत. बाहेरून पाहुणा आला की गाव ऐकून घेतं आणि तो गेला की हसतं. घरच्या बाईला हसता येत नाही.

मुंबईत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींना एकत्र घेऊन शाळांमध्ये असा कार्यक्रम झाला होता, घरकाम कुणी करायचं, मारामारी म्हणजे मर्दपणा का, अशा विषयांवर. पण मुंबईचं उदाहरण दिलं की आपल्याकडं लोक “मुंबई आहे ती” म्हणून उठून जातात, म्हणून पाचोड आधी सांगितलं.

निजामाचा_ताट_वाढप्या | मंगळवार, दुपारी १:०५

याच राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि याच राज्यानं २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. शतकभरात आपण पुढं निघालो होतो की मागं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. अवांतराबद्दल क्षमस्व.

काळा_कोट | मंगळवार, रात्री ८:४५

सरांनी चिठ्ठ्यांचा खोका ठेवलाय म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, संभाजीनगरला वकिली करतो.

त्या खोक्यात उद्या एखादी चिठ्ठी अशी येईल की अमका माझ्याशी असं असं करतो. ती आली की तुम्ही फक्त शिक्षक राहत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. “शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू” हे मुख्याध्यापकांनाही चालत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आणि ती चिठ्ठी मुलाची असू शकते, ही तयारी ठेवा. केंद्र सरकारच्या २००७ च्या बाल अत्याचार अभ्यासात ज्या मुलांनी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं त्यात ५२.९४ टक्के मुलगे होते. मुलींपेक्षा जास्त. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. भेद घरी होतो: पोराचं काय बिघडलं, त्याला काय पोट राहणार आहे? मुलाच्या बाबतीत फिर्याद द्यायला बाप आलेला मी फार क्वचित बघितलाय. आला तरी आधी विचारतो, पेपरात नाव येईल का.

दुसरं, पोरांना हे वर्गात सांगा: संमतीचं वय १८ आहे. सतराची पोरगी आणि सतराचं पोरगं स्वखुशीनं पळून गेले तरी कायद्याला ती खुशी दिसत नाही. तो विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणून बाल न्याय मंडळापुढं उभा राहतो. अठरा-एकोणिसाचा असेल तर थेट आरोपी. पोरीचा बाप चिडून फिर्याद देतो आणि महिनाभरात दुसरीकडं तिचं लग्न लावतो, तेही बालविवाहच. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्नाचं जेवण मात्र तोही जेवून जातो.

आणि मुलगी गरोदर असेल तर गावठी उपायांच्या नादी लागू नका. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे, पालकाची लेखी संमती लागते. पोलिसांत नाव जाईल या भीतीनं लोक भोंदूकडं जातात. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलंय की मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. हे डॉक्टरांनाही सांगायला लागतं.

ओपीडी_नंबर_चार | मंगळवार, रात्री ९:१०

शेवटचं वाक्य खरं आहे. आमच्यातल्या अनेकांना माहीत नाही.

पावशेर_शेंगदाणे | मंगळवार, रात्री ९:३०

काल चेष्टा केली होती. आज धाकट्या भावाला डॉक्टरांचा प्रतिसाद पाठवला, त्यानं निळा टिक करून ठेवला, बोलला काहीच नाही. पण रात्री जेवताना विचारलं, “दादा, ते पीळ पडणं सायकल चालवल्यानं होतं का?”

@डॉक्टर, होतं का?

ओपीडी_नंबर_चार | मंगळवार, रात्री ९:४२

कधी खेळताना, मार लागल्यावर होतं. बहुतेक वेळा काहीच कारण नसतं, झोपेतही होतं. सायकल चालवू द्या त्याला.

दुधनाकाठ | बुधवार, सायंकाळी ६:२०

सगळ्यांचे आभार. आज मुख्याध्यापकांशी बोललो. एकत्र बसवायला ते तयार नाहीत, आणि वाडवडील काकांचंच वाक्य त्यांनी मला जवळजवळ शब्दशः ऐकवलं. शेवटी ठरलं ते असं: आधी महिला पालकांची सभा, सिस्टर आणि अंगणवाडीताई बोलतील. मग मुलांचा वेगळा तास, तो मी घेणार, आणि विषय डॉक्टरांच्या प्रतिसादातले. त्यात पाळीही असेल. मुलींच्या तासाला शेवटचं भाषण असणार नाही. त्याऐवजी पांढरं जाणं आणि पिशवी यावर सिस्टर बोलतील. हे त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सर, मला दरवर्षी सांगायचं असतं, पण वेळच संपवतात.”

एकत्र तासाचं पुढच्या वर्षी बघू. निळी गोळी मात्र या सोमवारपासून सगळे शिक्षक पोरांसमोर खाणार होतो, मग सिस्टरनी सांगितलं की मोठ्यांसाठी तो साठा नाही, तुमची नाटकं तुम्ही करा. म्हणून आता गोळी मधल्या सुट्टीनंतर वर्गातच, सगळ्यांनी एकदम, पाण्यासकट.

@बिंदुसरा, मुलींना सांगताना तुमचा प्रतिसाद नाव न घेता वापरला तर चालेल का?

बिंदुसरा | बुधवार, सायंकाळी ६:५५

वापरा. आणि मुलांच्या तासालाही वाचा तो, तिथं जास्त गरज आहे. सही तेच करतात.

वाडवडील | बुधवार, रात्री ८:०५

महिला पालकांची सभा सुगीत ठेवू नका, एकही बाई येणार नाही. सोयाबीन निघायच्या आधी घ्या. आणि चहा ठेवा. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त मेट्रन तुमच्या तालुक्यात आहेत, बोलायला स्पष्ट आहेत, गावात मान आहे. व्यनि करतो.

तेरणामाय | बुधवार, रात्री ९:२०

मुलाला पीळ पडण्याचं सांगितलं, गाडीवर. “हं” म्हणाला. एवढंच.

निळ्या गोळीबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडं शाळेतून मिळते, पण मळमळतं म्हणून तो घेत नाही. कधी द्यावी?

ओपीडी_नंबर_चार | बुधवार, रात्री ९:३८

जेवणानंतर, उपाशीपोटी नको. लगेच चहा देऊ नका, लोह शोषलं जात नाही. लिंबू-पाणी चालेल, चांगलंच. दोन दिवस संडास काळी झाली तर घाबरू नका. मळमळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कमी होते. आणि सहा महिन्यांतून एकदा जंताची गोळी शाळेत देतात, तीही चुकवू देऊ नका, नाहीतर लोह त्याला कमी आणि जंतांना जास्त.

हुरडा_पार्टी | बुधवार, रात्री ९:४१

मिशा येतात ना पण?

ओपीडी_नंबर_चार | बुधवार, रात्री ९:४३

येतात. मी खाल्ल्यात.